टिटवीचा बूट

बूटताईच्या हाताखालून चौतीस वर्षांत हजारो पाय गेले, पण एक पाय दुसऱ्यासारखा म्हणून नव्हता. कुणाचा आखूड, कुणाचा आत वळलेला, कुणाला तीनच बोटं, कुणाचा तळवा पाटासारखा सपाट. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक लांबट वर्कशॉप होतं. दारात मापाचा बाक, आत भिंतभर पायांचे लाकडी फर्मे, प्रत्येकावर खडूनं लिहिलेला नंबर, आणि पार टोकाला खिडकीपाशी तिचं टेबल. रापीनं चामडं सोलायचं, कॉर्कचे थर एकावर एक चिकटवून सोल उंच करायचा, मग तो घासून घासून पायाच्या मनासारखा करायचा, हे तिचं काम. पेशंट तिला बूटताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं होतं.

तिचा स्वतःचा डावा पाय उजव्यापेक्षा अडीच इंचांनी आखूड. लहानपणच्या तापाची कृपा. अकराव्या वर्षी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून पाहिली. चौदा आठवडे ती कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, मुलांच्या वॉर्डात छताकडे बघत पडून होती. पायात काडीचा फरक पडला नाही. पण नर्सच्या कपाटात एक जाडजूड कादंबरी सापडली, मुखपृष्ठ नसलेली, पहिली आठ पानं गायब. ‘सात कोरड्या विहिरी’. चौदा आठवड्यांत पोरीनं ती पाच वेळा वाचली. गोष्टीची सुरुवात तिला कळली ती पुढं सात वर्षांनी, पहिल्या पगारातून नवी प्रत घेतली तेव्हा. आणि तिचं प्रामाणिक मत असं की त्या आठ पानांवाचून काही अडत नव्हतं.

गोष्ट तशी सरळ. एका कोरड्या राजानं मुलखाचं सगळं पाणी शोषून घेतलंय. विहिरी पुन्हा भरायच्या तर झऱ्याचा खडा, बोराएवढा एक निळा दगड, राजाच्या सात नाक्यांमधून पलीकडे न्यायचा. नेणार कोण? तर टिटवी नावाची पोर. नाव कसलं, लोकांनी पाडलेलं टोपणनाव. एक पाय आखूड, म्हणून ती पक्ष्यासारखी उचकत चालते. तिच्या बुटाच्या जाड तळव्यात पोकळी असते, तिथं खडा लपतो. नाक्यानाक्यावर पहारेकरी लोकांचे कपडे, केस, तोंडसुद्धा तपासतात, पण टिटवीच्या बुटाकडे कुणी बघत नाही. बघायची लाज वाटते. तिचा पाय दिसला की माणसं नजर वळवतात, आणि त्या वळवलेल्या नजरांमधून ती अकरा दिवस चालत जाते. तहानलेल्या वरच्या गल्लीखालच्या शेवटच्या विहिरीत खडा पडतो, झरा जागा होतो आणि विचारतो, “काय हवं ते माग. पाय सरळ करून देऊ?” टिटवी म्हणते, “पायाचं माझं मी बघते. तू आधी वरच्या गल्लीला पाणी दे.”

वॉर्डात उताणं पडून हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती इतक्या मोठ्यानं हसली की नर्स धावत आली. “काय गं, काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली, “पाणी आलं.”

तर अशा या कादंबरीवर सिनेमा निघाला. आणि एक दिवस सिनेमाच्या पोशाख विभागातली बाई वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. हातात नटीच्या पावलांचा कागदावर काढलेला आराखडा. टिटवीचा बूट हवा होता.

मालकांना आभाळ ठेंगणं झालं. हे धाकटे मालक. बूटताईला काम शिकवलं ते त्यांच्या वडिलांनी. मालकांनी बाईंना बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि बूटताईला हाक मारली.

“जरा नाजूक दिसला पाहिजे हं,” पोशाखवाली म्हणाली. “म्हणजे पडद्यावर शोभेल असा.”

“नाजूक बूट अकरा दिवस चालत नाही,” बूटताई म्हणाली. “तिसऱ्या दिवशी शिवण उसवेल.”

“अहो, सिनेमात चालायचंय. खरंच थोडंच चालायचंय?”

“तुमच्या नटीला नसेल चालायचं. टिटवीला आहे.”

मालकांनी घसा खाकरला. पण पोशाखवाली हसली, आणि पिशवीतून तिनंही कादंबरीची एक जुनी प्रत काढली. दोघी तासभर पानं उलटत बसल्या. पोकळीचं झाकण आतल्या बाजूनं उघडतं हे पुस्तकात एकाच ठिकाणी येतं, ते बूटताईनं न शोधता काढून दाखवलं.

एकोणीस दिवस ती त्या बुटावर बसली. नटीचे दोन्ही पाय सारखे. तेव्हा बाहेरून अडीच इंच दिसणारा सोल आतून दीड इंच कोरून काढला, म्हणजे पाऊल आत खोल बसेल, लंगडणं तर दिसेल पण कंबर मोडणार नाही. कॉर्कच्या थरांत पोकळी कोरली, तिला पितळी बिजागरीचं झाकण बसवलं. झाकण बंद केल्यावर नखसुद्धा जाईना. बूट नेताना पोशाखवालीनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्या दिवशी संध्याकाळी बूटताई पायऱ्यांवरून शीळ घालत उतरली, असं शेजारचा औषधवाला अजून सांगतो.

सिनेमा लागला त्याच दिवशी दुपारच्या खेळाला ती भाचीबरोबर गेली. ही धाकट्या बहिणीची मुलगी, सव्वीस वर्षांची. मावशीनं लहानपणी तिला ती कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवली होती, दोनदा. त्याचा परिणाम असा की पोरीनं पुढं ‘टिटवी मंडळ’ काढलं. कादंबरीवर जीव टाकणारी दोनशे माणसं, फोनवर दिवसभर वाद, महिन्यातून एकदा बैठक.

सिनेमा सुरू झाला आणि बूट पडद्यावर आला. खुर्चीएवढा मोठा. तिचे टाके, तिची बिजागरी. भाचीनं अंधारात मावशीचा हात दाबला. पहिल्या नाक्यावर पहारेकऱ्यानं नजर वळवली तेव्हा सगळं थिएटर श्वास धरून बसलं. बूटताईला वाटलं, जिंकलं. हेच तर हवं होतं.

मग शेवट आला. खडा विहिरीत पडला, पाणी उसळलं, टिटवीच्या अंगावरून गेलं, पायाशी घोटाळलं. झऱ्यानं काही विचारलं नाही. टिटवीनंही काही मागितलं नाही. पाय आपोआप सरळ झाला. तिनं वाकून बूट काढला, वर उचलला आणि विहिरीत भिरकावून दिला. मग अनवाणी पळत सुटली. वरच्या गल्लीतली माणसं धावत आली, त्यांनी तिला मिठ्या मारल्या, खांद्यावर घेतलं. थिएटरमध्ये टाळ्यांचा कडकडाट.

दिवे लागले. भाचीचे डोळे रडून लाल. “मावशी, कसला शेवट केलाय ना!”

बूटताई जागेवरच बसून होती. “पिण्याच्या विहिरीत बूट टाकला?”

“काय?”

“आत्ताच पाणी आलंय. मुलूख तहानलेला आहे. आणि ही त्यात जुना बूट टाकते?”

“मावशी, ते प्रतीक आहे गं!”

“प्रतीक असो नाहीतर काही असो. पाणी प्यायचंय वरच्या गल्लीलाच.”

बसमध्ये दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर बोलल्या, आणि बोलल्या नसत्या तर बरं, असं बहिणीला वाटलं. भाचीचं म्हणणं, पुस्तक वेगळं आणि सिनेमा वेगळा, आणि एका पोरीचं भलं झालं तर मावशीच्या पोटात का दुखावं? मावशीचं म्हणणं, भलं आधीच झालं होतं, ते यांना दिसलं नाही, त्याला कोण काय करणार! बहिणीनं दोघींच्या मध्ये चहाचे कप ठेवले आणि सांगितलं, “पुढच्या रविवारी तुमच्या मंडळाची बैठक आहे ना? तिथं जाऊन भांडा. माझे कान किटले.”

रविवार यायच्या आधी बुधवारी एक गोष्ट घडली. नऊ वर्षांची एक मुलगी आईबरोबर मापाला आली. दोन वर्षांपासूनची पेशंट. पाय वाढला की बूट लहान पडायचा, नवा करायचा. या वेळी मुलगी बाकावर बसेना.

“मला नको नवा बूट. माझा पाय आता सरळ होणार.”

आई ओशाळली. “सिनेमा बघितल्यापासून हेच चाललंय हो. रोज सकाळी मोरीत बादलीभर पाण्यात पाय बुडवून बसते.”

बूटताईनं हातातली टेप खाली ठेवली. मुलीनं विचारलं, “तुम्ही ते पुस्तक वाचलंय? त्यातपण टिटवीचा पाय बरा होतो ना?”

खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. “नाही होत गं.”

“कधीच नाही?”

“नाही. पण ती...”

“मग पुस्तकच वाईट आहे!” मुलगी म्हणाली, आणि भोकाड पसरलं. त्या दिवशी माप झालं नाही. आई तिला घेऊन गेली. बूटताई खिडकीपाशी बसून राहिली, हातात रापी नुसतीच धरून. आपण पोरीच्या तोंडातला घास काढून घेतला असं तिला वाटत राहिलं. मग दुपारनंतर राग आला. स्वतःचा नाही. घास दाखवून पळालेल्या माणसांचा.

रविवारी सकाळी अकराला मंडळ जमलं. थिएटरच्याच वरच्या मजल्यावर एक हॉल होता, जास्तीच्या खुर्च्या रचून ठेवलेला. साठ-सत्तर माणसं आली होती. खुद्द सिनेमाचे पटकथालेखक येणार म्हणून पुढच्या रांगेसाठी ढकलाढकली. सूत्रं भाचीच्या हातात.

पहिली वीस मिनिटं राजाच्या घोड्यावर गेली. पुस्तकात तो काळा, सिनेमात तपकिरी. एका गृहस्थांनी तीन पानांचे संदर्भ वाचून दाखवले. दुसऱ्यानं विचारलं, घोडा धुळीनं माखलेला असेल, मग? त्यावर दोन तट पडले. मग चौथा नाका गाळला यावर पंधरा मिनिटं. पटकथालेखक, एक किडकिडीत, सभ्य माणूस, सगळं वहीत टिपून घेत होते आणि मान डोलवत होते. शेवटाबद्दल बहुतेकांनी गोडच लिहिलं होतं फोनवर, तेव्हा तो विषय भाचीनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. कुणासाठी, हे ती जाणून होती.

बूटताई उठली. तिच्या बुटाचा आवाज लाकडी जमिनीवर ठणठणीत आला आणि हॉल आपोआप गप्प झाला. काहींनी नजर वळवलीसुद्धा.

“टिटवीनं झऱ्याला दिलेलं उत्तर सिनेमात का नाही?” तिनं विचारलं.

पटकथालेखक उभे राहिले. “ताई, ते वाक्य मलाही पाठ आहे. खरं सांगतो, आम्ही तो शेवट चित्रित केला होता. प्रदर्शनाआधी तीनशे लोकांना दाखवला. लोक गप्प बसून राहिले.”

“गप्प बसले म्हणजे आवडला नाही, असं कुणी सांगितलं?”

“दुसरा शेवट दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या.”

“टाळ्या पडणारच. मी तुम्हाला या हॉलमध्ये फुकट चहा जाहीर करून टाळ्या पाडून दाखवते.”

हशा पिकला. पटकथालेखकही हसले, पण हटले नाहीत. “ताई, माणसं सिनेमाला येतात ती आशेसाठी. बाहेर जाताना त्यांच्या हातात काहीतरी असावं लागतं.”

“आणि आशा म्हणजे पाय सरळ होणं, हे कुठं बसून ठरलं? ती अकरा दिवस चालली. सात नाके ओलांडले. ते सगळं याच पायावर. तेव्हा तुम्हाला आशा दिसली नाही?”

मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, तुम्ही फार मनाला लावून घेताय.”

“मग कुणाच्या मनाला लावून घेऊ?” ती वळून म्हणाली. “माझं हेच एक आहे.”

तेवढ्यात खिडकीकडच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ काठ्या सावरत उभे राहिले. दोन्ही पायांना लोखंडी कॅलिपर, सत्तरीच्या पुढचे. मंडळात त्यांना पोस्टमास्तर म्हणत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तेच. त्यांना उठताना बघून लोकांना वाटलं, आता ताईंना जोड मिळाली.

“मी ताईंच्या विरुद्ध बोलणार आहे,” पोस्टमास्तर म्हणाले. “पाचव्या वर्षापासून हे लोखंड माझ्या पायात आहे. पुस्तक मलाही प्यारं. पण परवा सिनेमात ती पोरगी अनवाणी पळाली ना, तेव्हा मी तीन मिनिटं पळालो तिच्याबरोबर. आयुष्यात पहिल्यांदा. मला रडू आलं. आता कुणी मला सांगायचं नाही की ते रडू खोटं होतं.”

  समोरच्या सगळ्यांना उत्तर द्यायची बूटताईची तयारी होती, पण हा मार बाजूनं आला होता. तिला बुधवारची ती मुलगी आठवली, बादलीत पाय घालून बसलेली.

“मावशी,” भाची हळूच म्हणाली, “तुझी पाच मिनिटं झाली.”

“होऊ देत.” ती पोस्टमास्तरांकडे वळली. “तुमचं रडू खोटं म्हणणारी मी कोण? तुम्ही पळालात, चांगलं केलंत. हजारदा पळा. पाय सरळ झाला याचा मला राग नाहीच. जादूची गोष्ट आहे, एकाचे चार पाय करा. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. सिनेमात वरच्या गल्लीतली माणसं तिला मिठी कधी मारतात? पाय सरळ झाल्यावर. तोवर कुणी तिला हात लावत नाही. पुस्तकात त्याच माणसांनी तिला उराशी धरलं तेव्हा तिच्या पायात बूट होता. चिखलानं भरलेला, अकरा दिवस चाललेला बूट. त्यांनी तो बघितला. पहिल्यांदा कुणीतरी नजर वळवली नाही. तुम्ही ती मिठी काढून घेतलीत,” ती पटकथालेखकांना म्हणाली, “आणि सांगितलंत, आधी बरी हो, मग ये. हे तर आम्हाला फुकटात सगळेच सांगतात हो. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?”

टाळ्या पडल्या नाहीत.  पोस्टमास्तर म्हणाले, “मिठीचं मी बघितलं नव्हतं. पण मला पळणंही हवंय, ताई.” आणि बसले. पटकथालेखकांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं आणि वही मिटली. ते म्हणाले, “शेवट मात्र आता बदलता येणार नाही.”

“मी कुठं म्हटलं बदला? चुकलं म्हणा, एवढंच.”

ते त्यांनी म्हटलं नाही. घड्याळ बघितलं, सगळ्यांना नमस्कार केला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण जिन्यातून उतरल्यावर खालच्या दालनात, तिकीटखिडकीशेजारी, बूटताईला एक काचेची पेटी दिसली. आत मखमलीवर बूट. शूटिंगच्या वेळी विहिरीतून काढून, पुसून ठेवलेला. चामड्यावर पाण्याचे पांढरे डाग उमटले होते, वरची एक शिवण सुटली होती. पुढं सोनेरी अक्षरांचं कार्ड: ‘टिटवीचा शापित बूट’. लोक पेटीबरोबर फोटो काढून घेत होते.

ती पेटीसमोर थांबली. दोनदा वाचलं. मग तिकीटखिडकीकडे वळून म्हणाली, “ही पेटी उघडा.”

थिएटरचा व्यवस्थापक बाहेर आला. “बाई, प्रदर्शनाची वस्तू आहे. हात लावता येत नाही.”

“मी शिवलाय तो. एकोणीस दिवस. चौतीस वर्षं बूट करतेय मी, अजून एकही शाप शिवलेला नाही.”

“तो मजकूर सिनेमाच्या कंपनीकडून आलाय, मी काय...”

“कंपनीला कुणी सांगितलं शाप आहे म्हणून? पुस्तकात एक अक्षर दाखवा. आत्ता. इथं साठ माणसं उभी आहेत, प्रत्येकाच्या पिशवीत प्रत आहे.”

मंडळातली माणसं जिन्यावर खोळंबली होती. घोड्याच्या रंगावरून भांडलेले ते गृहस्थ पुढं सरसावून म्हणाले, “शाप हा शब्द पुस्तकात दोनदा येतो, दोन्ही वेळा राजाबद्दल. बुटाबद्दल नाही.”  पेटीला कुलूप नव्हतंच, नुसतं वरचं झाकण. बूटताईनं हात घातला, पण झाकण जड, आणि एका हातानं धरून दुसऱ्यानं आत पोचता येईना. तेव्हा मागून दोन हात आले आणि त्यांनी झाकण उचलून धरलं. भाची होती.  ओठ घट्ट मिटलेले, अगदी आईसारखे.

बूटताईनं कार्ड काढलं, उलटं केलं, पर्समधलं माप लिहायचं जाड पेन काढलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: ‘टिटवीचा बूट. अकरा दिवस चालला. पाणी यानंच आणलं.’ कार्ड परत उभं केलं. मग बूट उचलून आतल्या बाजूचं झाकण उघडून लोकांना पोकळी दाखवली. ती खरोखरच आत असेल हे कुणाला माहीत नव्हतं. फोटो काढणारे चार जण वाकून बघू लागले.

“सिनेमा मला अजून आवडतोच,” बसस्टॉपवर भाची म्हणाली.

“मग झाकण का धरलंस?”

“शापित म्हणाले म्हणून.” आणि बस आली.

त्या उलट्या कार्डाचा फोटो मंडळात फिरला, मग मंडळाबाहेर फिरला. लोकांनी दोन्हीकडून तोंडसुख घेतलं. कुणी लिहिलं, बाईंचं बरोबर आहे. कुणी लिहिलं, एवढ्या चांगल्या सिनेमात खुसपट काढणाऱ्यांना घरी बसवा. बूटताईकडे तसला फोन नव्हता. भाची निवडक वाचून दाखवायची, शिव्या गाळून. “गाळू नकोस,” मावशी म्हणायची, “शिव्या देणाऱ्यांनी पुस्तक वाचलंय का, तेवढं बघ.”

मापाला न बसलेली मुलगी पुढच्या आठवड्यात परत आली, कारण जुना बूट चावायला लागला होता. बाकावर बसली, पण तोंड भिंतीकडे. माप घेताना बूटताईनं तिला टिटवीचं एक अक्षर सांगितलं नाही. निघताना मुलगीच म्हणाली, “मला सिनेमाच आवडला.”

“माझ्या भाचीलाही आवडला,” बूटताई म्हणाली. “आम्ही रोज भांडतो. तू मोठी झालीस की ये भांडायला.”

मुलीनं हे मनावर घेतलं की नाही कळलं नाही. दाराचा उंबरा ओलांडताना ती वळून तिच्याकडे बघत होती, एवढं खरं.

त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. प्रदर्शनातील वस्तूस विनापरवानगी हात लावून मजकुरात फेरफार केल्याबद्दल वर्कशॉपनं लेखी माफी मागावी, अन्यथा पुढील कामाचा विचार करता येणार नाही. धाकट्या मालकांनी पत्र टेबलावर ठेवलं.

“ताई, दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा.”

“काय लिहू?”

“चुकलं म्हणून.”

“चुकलं नाही.”

“अहो, नुसतं लिहायला काय जातंय? मोठं गिऱ्हाईक आहे.”

“मोठं गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलंय, मालक. दहा माणसं आहेत. त्यांना ‘तुमचा बूट शापित आहे’ असं कार्ड लावून द्यायचं का?”

मालक पाय आपटत केबिनमध्ये गेले. आठ दिवस त्यांनी तिच्याशी कामापुरतंही बोलणं टाळलं, निरोप औषधवाल्याकरवी. नवव्या दिवशी तिला कळलं की त्यांनी वर्कशॉपच्या शिक्क्यानिशी स्वतःच माफीचं पत्र धाडून दिलंय: ‘आमच्या कर्मचारी महिलेस झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे.’

तिनं अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला आणि बाहेर येऊन मापाच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसली. मालक धावत बाहेर आले. “ताई, हे काय?”

“माझ्या नावावर खेद पाठवलात. माझ्याकडचा होता का तो? मी खेद काढून घेतल्याशिवाय टेबलाशी बसायची नाही.”

रांगेतले नऊ जण दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. एकानं आपली काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाला, “मालक, माझा टाचेचा बूट आज मिळणार होता.” मालकांनी कपाळाला हात लावला. “लिहा बाई, काय लिहायचं ते लिहा!”

तिनं तिथंच बाकावर बसून लिहिलं: ‘आधीच्या पत्रातला खेद माझा नाही. मला कसलाही खेद नाही. तो बूट मी केला आहे आणि तो चांगला आहे. कार्ड परत बदललं तर मी परत येईन.’ खाली सही. पगारपत्रकावरच्या खऱ्या नावानं.

पत्र पाकिटात घातलं, पण पाठवायचं कसं? साध्या टपालानं गेलं तर मिळालंच नाही म्हणतील. ती मंडळाच्या यादीतून पत्ता काढून पोस्टमास्तरांच्या घरी गेली. ते गच्चीत कपडे वाळत घालत होते, एक हात कठड्यावर टेकून. पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

“माझं मत बदललेलं नाही हं, ताई,” ते म्हणाले. “काल परत जाऊन आलो सिनेमाला. परत पळालो.”

“माझंही बदललेलं नाही.”

“बरं.” त्यांनी पत्र घडी करून तिच्या हातात दिलं. “मग असं करा. रजिस्टर करा आणि पोचपावती मागून घ्या. पावतीवर त्यांची सही आली पाहिजे. आणि तो शेवटचा शब्द आहे ना, ‘येईन’, तिथं वरची रेघ नीट जोडा. घाईत ‘येई न’ वाचलं तर अर्थ उलटा होईल.”

तिनं कठड्यावर कागद ठेवून रेघ ठळक जोडली. टपाल कार्यालय पावणेपाचला बंद व्हायचं. दोघंही निघाले, आपापल्या पायांच्या आवाजात, रस्ताभर मिठीवरून आणि पळण्यावरून भांडत. चार वाजून चाळीस मिनिटांनी पाकिटावर शिक्का पडला.